दुर्गेश्वरीच्या पत्रिकेचा जागतिक परवाना

माणसाला व्यसन असलं तर असावं, पण ते शेजाऱ्यांना कळेल असं तरी असावं. आमगावच्या शिक्षक कॉलनीत तंबाखूचा खर्रा घोटणारे आहेत, पत्ते पिसणारे आहेत, रविवारी गळ घेऊन इटियाडोह धरणापर्यंत जाणारे आणि येताना बाजारातून मासे विकत आणणारेही आहेत. त्या सगळ्यांना कॉलनीने पोटात घातलं आहे. कैलाश रहांगडाले सरांना मात्र कोणी घातलं नाही. कारण सर शाळेतून आले, चहा प्याले की कॉम्प्युटरपुढे बसत आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर पळताना पाहून एकटेच हसत. आता अशा माणसाला कॉलनीने काय समजायचं?

सरांच्या व्यसनाचं नाव लिनक्स. कॉम्प्युटर चालवण्याची ही एक फुकट व्यवस्था आहे आणि जगभरचे हौशी लोक ती बिनपगारी सांभाळतात, असं सर सगळ्यांना सांगत. "फुकट?" वीज कार्यालयातले इंद्रकुमार गजभिये दर वेळी विचारत, "मंग त्यात काहीतरी खोट असन." ज्याच्या खात्यात उन्हाळ्यात फुकट काय, पैसे भरूनही वीज मिळत नाही, त्याला फुकटच्या वस्तूचा संशय येणारच. सर त्यांना माफ करत.

तर या व्यवस्थेसाठी एका ऑस्ट्रियन माणसाने एक झकास प्रोग्राम लिहिला होता. कागद स्कॅनरवर ठेवायचा, की त्यावरची अक्षरं ओळखून तो मजकूर कॉम्प्युटरवर आणून देई. प्रोग्राम उत्तम, पण तो बसवायचा म्हणजे अर्धा दिवस आणि सगळा संयम खर्ची पडे. लिनक्सच्या भांडारात तो बांधून तयार नव्हता. कोणीतरी त्याची साफसफाई करून, नियमात बसवून, नीट बांधून तो भांडारात दिला असता, तर जगातल्या कोणालाही एका हुकमात मिळाला असता. सरांनी ठरवलं, तो कोणीतरी म्हणजे आपणच.

घरात हे कोणालाच कळलं नाही. सरांचा मेहुणा लोकेश सालेकशाहून आला होता, त्याला तेवढं कळलं. "म्हणजे तेंदूपत्त्याचा पुडा," तो म्हणाला. "पानं जंगलात फुकटच असतेत भाऊजी. पण निवडून, बांधून खरेदीच्या फडावर नेल्याबिगर मुंशी हात लावत नाई. आन् सैल बांधला तं फेकून देते."

यात सरांचा एक स्वार्थ होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आमगावच्या चौकात रोज कोणाचा तरी वाढदिवस असतो. फ्लेक्सवर वरती एक मोठं डोकं आणि खाली शुभेच्छा देणारी लहान लहान डोकी. सरांचं डोकं आजवर खालच्या रांगेतही लागलं नव्हतं. शाळेच्या संमेलनाचा सगळा हिशेब, ध्वनिवर्धक, खुर्च्या त्यांनी पाहिल्या, आणि आभार मानणाऱ्याने त्यांना 'व इतर' मध्ये बसवलं. पण या पुड्यावर बांधणाऱ्याचं नाव असतं. ब्राझिलमधल्या माणसानेही उघडून पाहिलं तर त्याला दिसणार होतं: कैलाश रहांगडाले, आमगाव. एकदा, फक्त एकदा, आपलं नाव कुठेतरी पक्कं लागावं, एवढंच सरांचं मागणं होतं. त्यांनी स्टाफरूममध्ये आधीच सांगून टाकलं की लिनक्सच्या येत्या आवृत्तीत आपण आहोत. ते तेवढं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

सरांच्या फडावरचा मुंशी म्हणजे फिनलंडमधली किर्सी नावाची एक बाई. पुडा तपासून भांडारात घ्यायचा की नाही, हे तिच्या हातात. ही बाई नमस्कार लिहीत नसे, खुशाली विचारत नसे, खाली नावही लिहीत नसे. एक ओळ लिहून मोकळी होई. सरांनी पान-दीड पान पत्र लिहून सादर केलेल्या पहिल्या पुड्यावर तिची ओळ आली: "चाचणीच्या नमुन्यात एका मासिकाचं पान आहे. ते कोणाचं?"

प्रोग्राम अक्षरं नीट ओळखतो का, हे तपासायला पुड्यात एका कागदाचा नमुना घालावा लागे, आणि नियम असा, की पुड्यातली प्रत्येक गोष्ट जगातल्या कोणालाही वापरता, वाटता आणि बदलता आली पाहिजे, आणि तशी परवानगी मालकाने दिलेली पाहिजे. मासिक काही तसं नव्हतं. तेव्हा सर घरभर असा कागद शोधू लागले ज्यावर कोणाची मालकी नाही. असा कागद शोधायला बसल्यावर कळतं की आपल्या घरात आपलं काहीच नसतं. विजेचं बिल कंपनीचं, कॅलेंडर कापडवाल्याचं, बायकोने, अल्काबाईंनी, कापून ठेवलेल्या पाककृती वर्तमानपत्राच्या. शेवटी फ्रिजवर लग्नपत्रिकांचा ढीग दिसला आणि सरांना वाटलं, जगात याच एका कागदावर कोणी हक्क सांगत नाही. उलट घरी येऊन, चहा पिऊन, हातात कोंबून जातात. त्यातली सगळ्यात वरची त्यांनी उचलली. ती शेजारच्या दुर्गेश्वरीची होती.

दुर्गेश्वरी ही लीलाधर पटले यांची मुलगी. लीलाधरजी तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाले ते फक्त पगारातून. मुलगी चिचगडच्या जंगलात वनरक्षक. तिचं लग्न गोंदियातल्या एका व्यापारी घरात ठरलं होतं, आणि पत्रिका लाल, सोनेरी, तीन घड्यांची, सुंदर मराठी वळणाची होती. नमुना म्हणून तिला तोड नव्हती. सरांनी ती स्कॅन केली, पुड्यात घातली आणि परवानगी मागायला शेजारी गेले.

लीलाधरजींनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"म्हणजे सर, माह्या पोरीचं कार्ड तुमी साऱ्या दुनियेले वाटून राहिले?"

"वाटत नाही जी. नमुना म्हणून ठेवतो आहे."

"पण कोणीबी पाहू शकन?"

"कोणीही."

"मंग कोणी आलं तं? पत्रिका गेली म्हणजे आवतन गेलं. मी सैपाक मोजून सांगतला हाय. ह्या फिनलंडवाल्याईले कोठी बसवू?"

फिनलंडचे लोक असे येत नाहीत, हे सरांनी शपथेवर सांगितलं. तेव्हा लीलाधरजींना पुढचा मुद्दा सापडला. "आन् बदलूबी शकन म्हणता? उद्या कोण्या गड्यानं नवरदेवच बदलून देला तं?"

"देऊन टाका ना जी," आतून शामकलाबाई म्हणाल्या. त्या लीलाधरजींच्या पत्नी, आणि पत्रिका वाटून वाटून कंटाळलेल्या. "मोठ्या जेठाचं नाव खाली छापलं म्हणून इकडे रुसवे होऊन राहिलेत. फिनलंडवाले तं रुसत नाईत."

लीलाधरजींनी परवानगी दिली, पण कारकुनाच्या जातीला साधं 'हो' म्हणता येत नाही. त्यांनी मुद्रांकावर संमतीपत्र तयार केलं. त्यात घराच्या चतुःसीमा घातल्या, दोन साक्षीदार घेतले, आणि शेवटी एक अट टाकली: सदर पत्रिकेचा उपयोग शुभकार्याशिवाय अन्य कोणत्याही कामासाठी करू नये. सरांनी त्याचं इंग्रजी करून पाठवलं. किर्सीबाईची ओळ आली: "अट चालणार नाही. अशुभ कामालाही वापरता आली पाहिजे."

हे लीलाधरजींना कसं सांगायचं, या विचाराने सरांना जेवण गेलं नाही. शेवटी त्यांनी सांगितलं. लीलाधरजींनी ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं आणि मग निव्वळ शेजारधर्म म्हणून अट खोडली. खोडल्याच्या जागी सही केली, सहीखाली तारीख घातली. सर घरी पोहोचत नाहीत तोच तिची नवी ओळ आली होती: "वरचं हत्तीचं चित्र कोणी काढलं?"

सर गोंदियाला गेले. पत्रिका छापणारे दुर्गाप्रसाद काउंटरवरून म्हणाले, "सर, ये गणपती हमारा थोड़ी है. बरसों से चल रहा है. किसका है, ये गणपतीही जाने." हे उत्तर भक्तिभावाचं असलं तरी कायद्याचं नव्हतं. मालक सापडत नाही तर चित्र काढा, असं फिनलंडचं म्हणणं पडलं. सरांनी मनातल्या मनात हात जोडले आणि पडद्यावरच्या पत्रिकेतून गणपती पुसला. खालचे फोन नंबरही पुसले. नेमके त्याच वेळी लीलाधरजी वाटी घेऊन साखर मागायला आले.

"गणपती कोठी गेला?"

"बाजूला ठेवला जी. कायद्याची अडचण."

"लग्नाच्या कार्डावरून गणपती काढला तुमी," लीलाधरजी एवढंच म्हणाले, आणि साखर न घेता गेले.

पण पुडा मंजूर झाला! किर्सीबाईची ओळ एका शब्दाची होती, "स्वीकारला", आणि सरांनी ती शाळेत छापून नेली. पेढे वाटले. इंद्रकुमार गजभियेंनी पेढा खाऊन विचारलं, "मंग आता पगार सुरू होईन का?" सरांनी तोही अपमान गिळला. थोड्याच दिवसांत येत्या आवृत्तीचं दार बंद झालं. निवडणुकीत आचारसंहिता लागते तसंच हे. एकदा लागली की नवीन काही घालायचं नाही, आहे त्याला हात लावायचा नाही, फार मोठा बिघाड निघाला तरच अपवाद. पुडा आत होता, दार बंद होतं, नाव पक्कं झालं होतं. सर इतके सुखात होते की त्यांनी अल्काबाईंनी न सांगताच भाजी आणली.

आणि लग्न मोडलं.

झालं असं, की नवरदेवाचे वडील कपडे पसंत करायला म्हणून आले आणि बोलता बोलता म्हणाले, लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, आमच्या घरची सून जंगलात फिरत नाही. दुर्गेश्वरी नुकतीच ड्यूटीवरून आली होती, अंगावर खाकी होती. ती म्हणाली, "नोकरी नाई सोडत. बाकी जे सोडता येते ते सोडते." आणि तिने ते तिथल्या तिथे सोडलं. पाहुणे साड्यांचा गठ्ठा उचलून गेले. कॉलनीत संध्याकाळपर्यंत एकही घर असं उरलं नाही जिथे ही गोष्ट दोन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगितली गेली नाही.

माशी कुठे शिंकली, हे लीलाधरजींना लगेच कळलं. त्यांनी कुंपणावरून सरांना हाक मारली. हाक अशी, की कॉलनीतले कुत्रेही उठून बसले.

"गणपती काढला, तवाच समजलो मी! अशुभ कामाले वापरता येईन म्हणे! झालं ना अशुभ? आता माह्या पोरीचं मोडलेलं लग्न साऱ्या दुनियेच्या कॉम्प्युटरमंधी बसून राहणार. काढा ते!"

"लीलाधरजी, आता दार बंद झालं आहे."

"कोणतं दार?"

हे दार कोणतं, हे त्या घटकेला समजावून सांगणं कोणालाच शक्य नव्हतं. सर तोंडात मारल्यासारखे आत आले. दुसऱ्या दिवशी इंद्रकुमारांनी सल्ला दिला, "साऱ्या दुनियेचा मेन स्विच बंद करता येत नाई का?" आणि ते चेष्टा करत नव्हते. शाळेत शिपायानेही विचारलं की सर, ते पेढे याच लग्नाचे होते का. सरांना सगळ्यात जास्त लागलं ते हे, की कॉलनीत त्यांचं नाव आता खरोखरच सगळ्यांच्या तोंडी होतं.

आता करायचं काय? दार उघडायला मोठा बिघाड हवा. सरांनी पुष्कळ विचार करून स्वतःच्याच पुड्याविरुद्ध स्वतःच तक्रार नोंदवली, आणि बिघाडाच्या जागी लिहिलं: लग्न मोडलं. ही तक्रार जगातल्या कोणालाही दिसणारी होती, आणि हौशी लोकांना तर वाद म्हणजे पर्वणीच. एका ब्राझिलवाल्याने लिहिलं की घटना दुःखद आहे, पण तिच्यामुळे प्रोग्राम बंद पडत नाही, सबब बिघाड गंभीर नाही. एका फ्रेंच माणसाने विचारलं, मुलीचं दुसरं लग्न होईपर्यंत थांबता येईल का, म्हणजे दोन्ही दुरुस्त्या एकदमच होतील. एक जपानी गृहस्थ फक्त 'फार वाईट वाटलं' असं लिहून गेले. सरांनी प्रत्येकाला लांबलचक उत्तर लिहिलं, पण किर्सीबाईची ओळ काही येईना. नियम नियमाच्या जागी होता.

सर खुर्चीत बसून राहिले. अल्काबाई तांदूळ निवडत होत्या.

"समजा त्याईनं नाई ऐकलं तं?" त्यांनी विचारलं.

"तर एकच मार्ग आहे. माझा अख्खा पुडाच या आवृत्तीतून काढून टाका म्हणायचं. मग पत्रिकाही जाते."

"आन् तुमचं नाव?"

"तेही जातं. पुढच्या वेळी कोणी दुसऱ्याने बांधला तर त्याचं लागेल."

अल्काबाई तांदळातले खडे वेचत राहिल्या. नवऱ्याने आयुष्यात फक्त एक गोष्ट हट्टाने मागितली होती आणि ती कोणती, हे त्यांना ठाऊक होतं. सरांना रडू येत होतं, आणि कॉम्प्युटरच्या शिक्षकाला अशा कारणाने रडू यावं याची लाज वाटत होती. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला, त्यावर फळ्यावर काढतात तशा ठसठशीत अक्षरात स्वतःच्या हाताने बाराखडी लिहिली, ती स्कॅन केली आणि तक्रारीला जोडली. खाली लिहिलं: पत्रिकेच्या जागी हे पान घ्यावं. ते चालत नसेल, तर माझा पुडा काढून टाकावा. ही मुलगी माझ्या शेजारी राहते.

पाठवून झाल्यावर ते बराच वेळ पडद्याकडे न पाहता बसले.

उत्तर दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दिसलं. किर्सीबाईने नेहमीप्रमाणे नमस्कार केला नव्हता. "बदल मान्य. अपवाद दिला," असं लिहिलं होतं. सरांनी खुर्चीवरून उडी मारली. पुडा राहिला, नाव राहिलं, पत्रिका गेली! मग त्यांना खाली आणखी एक ओळ दिसली. या बाईने आजवर कधी दुसरी ओळ लिहिली नव्हती. "मुलगी कशी आहे?"

सर उत्तर लिहायला बसले आणि त्यांचे हात थांबले. ब्राझिलला, फ्रान्सला, जपानला या मुलीबद्दल त्यांनी परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते. पण ती कशी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

"अवो, दुर्गेश्वरी कशी आहे?" त्यांनी आत विचारलं.

"मले काय मालूम? तुमच्या त्या भानगडीपासून आपण त्यांच्या घरी गेलोच नाई." अल्काबाई दारात आल्या. "जाऊन विचारा ना. मधात भिंत हाय, समुंदर नाई."

सर गेले. लीलाधरजी अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी 'या' म्हटलं नाही, पण पाय थोडे आवरून घेतले.

"काढलं का?"

"काढलं जी. पूर्ण काढलं."

लीलाधरजींनी मान हलवली. नळाजवळ दुर्गेश्वरी बूट धूत होती. जंगलात आगी लागायचे दिवस होते, तिच्या बाह्यांना काजळी होती आणि एका हाताला भाजल्याची लाल खूण होती. सर उभे राहिले. त्यांनी खरं तेच सांगितलं.

"बाई, फिनलंडची एक बाई विचारून राहिली, मुलगी कशी आहे म्हणून."

दुर्गेश्वरीने नळ बंद केला.

"कोण विचारून राहिली?"

"ती पुडे तपासते. तुझी पत्रिका काढायची परवानगी तिनेच दिली."

"काकाजी," ती म्हणाली, "आतापर्यंत साऱ्याईनं विचारलं, काऊन मोडलं. आता लग्न कोण करन. लोक काय म्हणतीन. कशी हायेस, हे कोणी विचारलंच नाई." तिने हातातला बूट खाली ठेवला. "थांबा जी, विचार करून सांगते."

तिने खरोखर विचार केला. सर उभेच होते.

"लिहा," ती म्हणाली. "झोप लागून राहिली. जेवण जाते. राग मातर अजून हाय."

खाटेवरून लीलाधरजींचा आवाज आला. तो तहसिलीतला आवाज नव्हता. "राग माह्यावर हाय का?"

दुर्गेश्वरीने बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "थोडासा. तुमी त्या कार्डापायी सारी दुनिया एक केली, बाबूजी."

लीलाधरजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि सरकून खाटेवर जागा केली. खाकी कपड्यांतली, ओल्या हातांची मुलगी येऊन तिथे बसली. बापाने तिचा भाजलेला हात उलटा करून पाहिला.

"कशी हायेस व माय?" त्यांनी विचारलं.

फिनलंडला उत्तर द्यायची तशी काही घाई नव्हती. रहांगडाले सर हळूच मागे फिरले आणि फाटकाचा आवाज होऊ न देता बाहेर पडले.